नायिका ५२ किलोची, तो ९५ किलोचा आणि लिफ्टचं दार बंद

शाईचा_डाग

मंडळी, मदत हवीय.

गेले आठ महिने एक हेरकथा लिहितेय. नायिका बत्तीस वर्षांची, गुप्तचर खात्यातली, वजन ५२ किलो. (वजन मीच ठरवलं आणि आता पस्तावतेय.) सातव्या प्रकरणात ती एका मोठ्या इमारतीत शिरते. पर्समध्ये नखाएवढं मेमरी कार्ड, ते चौदाव्या मजल्यावर एकाच्या हातात द्यायचंय. ती लिफ्टमध्ये शिरते, दार मिटता मिटता एक बूट आडवा येतो. आत येतो तो सकाळपासून तिच्या मागावर असलेला ९५ किलोचा गडी. दार बंद. आत दोघंच.

पुढं काय?

पहिल्या खर्ड्यात तिनं गिरकी घेऊन त्याच्या कानशिलात लाथ हाणली. भावाला वाचायला दिलं तर म्हणाला, "लिफ्ट आहे की सर्कशीचा तंबू?" दुसऱ्यात तिनं केसातला आकडा काढून त्याच्या मानेत खुपसला. भाऊ गेला आणि बहिणीच्या ड्रॉवरमधला आकडा घेऊन आला, बटाटा टोचतात तसा उशीत टोचून बघितला. आकडा वाकला. तिसऱ्या खर्ड्यात मी सरळ लिहिलं, 'चौदाव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ती एकटीच बाहेर आली.' हे त्याला आवडलं. पण ही पळवाट आहे हे मला माहितेय, आणि आता तुम्हालाही.

तर विचारायचं ते असं: बाई मध्यभागी असलेला हेरपट बघताना किंवा वाचताना तुमचा विश्वास नेमका कुठं उडतो? आणि कुठं बसतो?

बिनपाण्याची_तोफ

९५ किलो असो की १९५, एक जागा सगळ्यांची सारखीच नाजूक असते. धागा बंद करा.

गुंडी

विश्वास कुठं उडतो? केस मोकळे सोडून मारामारीला उभी राहते तिथं. घरी पंखा पुसायचा म्हटला तरी मी आधी केस बांधते.

तिसरी_घंटा

डाग, 'अ‍ॅटॉमिक ब्लाँड' (२०१७) मधली जिन्यातली मारामारी पाहिलीयस का? नसशील तर आधी ती बघ, मग लिहायला बस. १९८९ चं बर्लिन, भिंत पडायच्या बेतात. शार्लीझ थेरॉन एका माणसाला जिवंत बाहेर काढायला बघतेय आणि जिन्यात एकामागून एक गडी अंगावर येताहेत. सगळं एका दमात चित्रित केल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात बरेच तुकडे बेमालूम सांधलेत. पण मला भावलं ते हे, की ती दमते. थोड्या वेळानं तिचे गुडघे लटपटायला लागतात. ठोसा मारते आणि त्याच झोकात स्वतः भेलकांडते. समोरच्याचीही तीच गत. शेवटी शेवटी दोघं एकमेकांना मारण्यापेक्षा नुसतं उभं राहण्यासाठीच झगडताहेत. माझा विश्वास तिथं बसला.

जाता जाता, 'हेवायर' (२०११) पण बघ. त्यातली जीना कॅरानो नटी होण्याआधी मिश्र मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यात उतरून खरीखुरी लढायची. दिग्दर्शक सोडरबर्गनं मारामारीच्या वेळी पार्श्वसंगीत बंद ठेवलंय. हॉटेलच्या खोलीत नुसत्या धापा आणि सामान फुटल्याचे आवाज. ढॅणढॅण वाजायचं थांबलं की ठोसा किती कुरूप असतो ते ऐकू येतं.

फाटका_पतंग

मला एक कळत नाही. पुरुष हेर पंधरा जणांना लोळवतो, वर टाय सरळ करतो, तेव्हा त्याला वजनकाट्यावर कुणी उभं करत नाही. बाईनं एकाला लोळवला की लगेच सगळ्यांच्या अंगात न्यूटन संचारतो.

'सॉल्ट' (२०१०) आठवा. ती गोष्ट मुळात पुरुष नायकासाठी लिहिलेली होती, टॉम क्रूझशी बोलणी झाली होती. मग अँजेलिना जोली आली आणि एडविनची एव्हलिन झाली. पुलावरून धावत्या ट्रकवर उड्या मारायच्या त्या मारल्याच. त्याच उड्या टॉमनं मारल्या असत्या तर 'कैच्या कै' असं कोण म्हणालं असतं?

कोपऱ्यातला_कंदील

@फाटका_पतंग, मी म्हणालो असतो. मी प्रत्येक सिनेमात म्हणतो. म्हणून मला कुणी बरोबर नेत नाही.

शाईचा_डाग

पतंग, मुद्दा पोचला आणि टोचलाही. खरंय, नायक पुरुष असता तर हा धागाच निघाला नसता. पण उपाय दोन आहेत. दोघांनाही अशक्य गोष्टी करू द्यायच्या, किंवा दोघांनाही माणसासारखं लागू द्यायचं. मला दुसरा जास्त आवडतो. माझ्या गोष्टीतल्या पुरुष हेराचा खांदा दुसऱ्या प्रकरणात निखळलाय आणि अजून दुखतोय.

ज्युदोवाली

सात वर्षं ज्युदो केलंय, तेही ५२ च्याच गटात, त्यामुळे हा धागा माझ्या नावावर निघालाय असं समजते.

ऑलिंपिकला ज्युदोत बायकांचे सात वजनगट असतात. ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ आणि त्यापुढच्या. म्हणजे चार-पाच किलोंचा फरकसुद्धा मोजतात. लाड म्हणून नाही, फरक पडतो म्हणून. तुझ्या लिफ्टमध्ये फरक ४३ किलोंचा आहे. म्हणजे त्याच्या आणि तिच्यामध्ये आणखी एक जवळजवळ अख्खी बाई मावते.

एकदा माझी जोडीदारीण आली नव्हती, म्हणून सरांनी मला एका मुलासमोर उभं केलं. नव्वदच्या आसपासचा, जेमतेम सहा महिने शिकलेला. मी त्याला दोनदा पाडला. फार खूश झाले. तिसऱ्यांदा पाडला तो माझ्याच अंगावर पडला. दुखलं काहीच नाही. पण छातीवर ते वजन आलं आणि तोंडातून फक्त 'क्' एवढा आवाज निघाला. हवाच संपली. वर्षानुवर्षं घोटलेले डाव त्या क्षणी एकही आठवला नाही. मॅटवर दोनदा थाप मारली, म्हणजे 'हरले, सोड'. त्यानं लगेच सोडलं आणि "सॉरी ताई" म्हणाला. तुझ्या लिफ्टमधला सॉरी म्हणणार नाहीये.

आता लिफ्ट. लाथेला जागा नाही, उचलून आपटायला जागा नाही. त्याला जागा लागतच नाही, नुसतं भिंतीशी दाबलं तरी काम झालं. तिला एकच रस्ता, पाठीमागे शिरून गळ्याला हाताचा विळखा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर धट्टाकट्टा माणूसही दहाएक सेकंदांत आडवा होतो, तिथं वजन चालत नाही. पण ते दहा सेकंद तो काय उभ्या उभ्या जांभया देणार आहे? तो पाठ भिंतीवर आपटणार. पाठीवर ती आहेच. एकदा, दोनदा, तीनदा. ती जिंकेलही, पण फासळ्या मोडून. मग पुढची दोन प्रकरणं तिला हसता, शिंकता, कुशीवर वळता येणार नाही. हे लिहायची तयारी असेल तर जरूर लिही. सातव्यात फासळी मोडली आणि आठव्यात छपरावरून उडी, असं केलंस तर मी स्वतः येऊन प्रकरण परत करीन.

गुंडी

'क्' वाचून हसून हसून पुरेवाट.

बिनपाण्याची_तोफ

ज्युदोवालींना दंडवत. माझी नाजूक जागेची सूचना मागे घेतो. पण एक शंका, दहा सेकंदांत लिफ्ट किती मजले चढते? तेवढ्यात दार उघडलं तर?

जुनी_वही

तुम्ही सगळे मारामारीत अडकलायत. जरा खऱ्या बायकांकडं बघा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेनं बऱ्याच बायका फ्रान्समध्ये उतरवल्या. त्यातली व्हर्जिनिया हॉल अमेरिकन. १९३३ साली शिकारीत स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. लाकडी पायाचं नाव तिनं ठेवलं होतं कथबर्ट. फ्रान्समधल्या लिओं शहरात वर्षभर हेरांचं जाळं चालवलं, जर्मन 'लंगडी बाई' म्हणून तिला धुंडाळत होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती बर्फातून पिरेनीज पर्वत पायी ओलांडून निसटली. निघण्याआधी लंडनला कळवलं, की कथबर्ट त्रास देणार नाही अशी आशा आहे. पलीकडच्या अधिकाऱ्याला कथबर्ट म्हणजे कोणी माणूस वाटला. उत्तर आलं, त्रास देत असेल तर त्याला संपवून टाका.

आणि १९४४ मध्ये ती परत गेली! या वेळी म्हातारी शेतकरीण होऊन. केस पांढरे रंगवलेले, अंगावर जाडजूड घागरे आणि पाय फरपटत चालणं. म्हातारी फरपटतच चालते, त्यामुळे लंगडणं दिसेना. जे व्यंग तिला पकडून देणार होतं ते वयाच्या पोटात घालून टाकलं. लाथ-बुक्की राहू द्या, मला विचाराल तर अ‍ॅक्शन हीच.

आपल्या कौटिल्यालाही हे ठाऊक होतं. अर्थशास्त्रात हेरांच्या यादीत परिव्राजिका, म्हणजे फिरती संन्यासिनी, आहे. गरीब, बोलण्यात धीट, विधवा ब्राह्मणी. अंतःपुरात मान मिळतो, महामात्रांच्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या, घरात सहज ये-जा. विषकन्येच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, ही बाई कुणाच्याच लक्षात राहत नाही. आणि तीच तिची पात्रता.

फाटका_पतंग

जुनी_वही, वाचनखूण साठवली. कथबर्टला सलाम.

धडाधड

सगळं मान्य, पण हा माहितीपट झाला. डागनं विचारलंय थरारपटाबद्दल. मी अडीच तास बसतो ते पाय फरपटणाऱ्या आजीसाठी नाही. मला गाडी उडालेली हवी, काच फुटलेली हवी, आणि बाईनं खलनायकाच्या छातीवर पाय ठेवून एक वाक्य टाकलेलं हवं. खरेपणा हवा असेल तर माणसं वर्तमानपत्र वाचतात. अमुक किलो तमुक किलो करत बसलात तर या प्रकारातली मजाच मरेल.

जुनी_वही

@धडाधड, बरं, मग वजनाचीच गोष्ट सांगते. नूर इनायत खान, टिपू सुलतानच्या वंशातली, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. जून १९४३ मध्ये पॅरिसला गेली, बिनतारी संदेश पाठवायला. ब्रिटनमधून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये त्या कामावर गेलेली ती पहिली बाई. असा संच सुटकेसमध्ये बसायचा, वजन साधारण १५ किलो, आणि ती काही दणकट नव्हती. संदेश पाठवायला लागलं की जर्मनांच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या लहरींचा माग काढत यायच्या. म्हणजे थोडं टकटकायचं, गुंडाळायचं, सुटकेस उचलून दुसऱ्या घरी. वाटेत कुणी विचारलंच, "बाई, यात काय आहे?" तर चेहरा कसा ठेवायचा?

तिच्या आजूबाजूचे एकेक पकडले गेले तरी ती ऑक्टोबरपर्यंत टिकली. पकडली तेव्हा जुन्या संदेशांची वही तिच्याजवळ सापडली. ही तिची चूक होती, मोठी चूक, जर्मनांनी तिचा फायदा उठवला. पण चौकशीत तिनं तोंड उघडलं नाही. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान मिळाला.

१५ किलोंची सुटकेस हलकी असल्यासारखी उचलून चालायचं. यात थरार नसेल तर मग कशात आहे?

धडाधड

भावना पोचल्या. सुटकेसचा प्रसंग मी बघेन. पण नंतर गाडी उडवा.

खिडकीजवळ

अवांतर: एका सिनेमाचं नाव आठवत नाहीये. फ्रेंच होता. एका मुलीला तुरुंगातून काढून मारेकरी बनवतात. पहिल्यांदा बाहेर नेतात, झक्क रेस्तराँ, वाढदिवस, भेटीचं खोकं. उघडते तर आत पिस्तूल. त्या माणसाला उडव आणि न्हाणीघराच्या खिडकीतून पळ, असं सांगतात. ती धावत जाऊन खिडकी उघडते तर पलीकडं विटांची भिंत. तिचा तो चेहरा डोक्यातून जात नाही, नाव मात्र गेलं.

तिसरी_घंटा

'निकिता', १९९०, लूक बेसाँ. आणि तुझं अवांतर अवांतर नाहीये. डाग, हे बघ, तिथं तिचा शत्रू ९५ किलोचा माणूस नाही. शत्रू ती भिंत आहे, आणि ती तिच्याच माणसांनी बांधलेली. भिंत दिसते तेव्हा आपल्या पोटात खड्डा पडतो. मोठा गोळीबार त्यानंतर होतो, पण आपण आधीच तिच्या बाजूचे झालेलो असतो.

कोपऱ्यातला_कंदील

सायलेन्सर लावल्यावर पिस्तुलातून 'फुस्स' येतं यावर कुणी बोलणार का, की मी बोलू?

गुंडी

कंदील, नको.

कोपऱ्यातला_कंदील

फुस्स येत नाही. चांगला दणका येतो, फक्त कानठळ्या जरा कमी बसतात. शेजारच्या खोलीतला माणूस झोपून राहणार नाही. बस्स, एवढंच. गेलो.

मोगरीचा_घाव

कुणीच 'राझी'चं (२०१८) नाव काढलं नाही? १९७१ च्या युद्धाआधीची गोष्ट, आलिया भट अंगानं चिमुकली. एकाही माणसाशी हातघाई नाही. सासरच्या घरातला जुना नोकर ती हेर आहे हे ओळखतो, पळत सुटतो, आणि ती त्याच्यावर गाडी घालते. नंतर जी कोसळते ती बघवत नाही. आपल्याकडं हेर बाईला दोनच कामं असतात, एक तर पाठमोरी वळून साडीचा पदर उडवायचा नाहीतर नायकाच्या मागे मोटारसायकलवर बसायचं. इथं निदान खून केल्यावर हात थरथरले. डाग, तुझ्या नायिकेचे थरथरतात का?

धडाधड

ती अ‍ॅक्शन नाही, ती रडारड.

मोगरीचा_घाव

@धडाधड, माणूस मेला की कुणीतरी रडतं हो. तुमच्या उडालेल्या गाडीतही ड्रायव्हर असतो.

फाटका_पतंग

मोगरीचा घाव वर्मी बसला. (पळा)

दोरखंड

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतो, आज लिहितो, कारण विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. बावीस वर्षं लिफ्टच्या देखभालीत आहे.

तोफसाहेब, दहा सेकंदांत किती मजले ते लिफ्टवर आहे. सेकंदाला १ मीटर वेगाची असेल तर तीन मजले धरा. चौदाव्याला पाऊण मिनिट, मध्ये कुणी थांबवली नाही तर. म्हणजे ज्युदोवाली ताई म्हणतात तो डाव वेळेत बसतो.

बाकी सिनेमे बघताना घरच्यांनी मला गप्प बसवलंय, म्हणून इथं बोलतो. हेर छतातली झडप ढकलून वर चढतात ना, ते विसरा. झडप असली तर आतून चावीशिवाय उघडत नाही. ती तुम्ही बाहेर जायला नसते, वरून मदत आत यायला असते. दोर कापला की लिफ्ट कोसळते हेही खोटं. दोर एक नसतोच, तीन-चार-सहा असतात. समजा सगळे तुटले, तर वेग वाढल्याबरोबर गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारं यंत्र, खटका टाकतो आणि खाली जबडे बसून लिफ्ट रुळांना घट्ट धरते. दोन मजल्यांच्या मध्ये दार फाकवून उडी मारायची म्हणाल तर दाराला कुलूप असतं, मजल्याच्या पातळीजवळ आल्याशिवाय सुटत नाही. आडवा घातलेला बूट मात्र बरोबर आहे, ताईंनी ते छान लिहिलंय. आता बूटही लागत नाही, दारात प्रकाशाचा पडदा असतो, छत्रीचं टोक आलं तरी दार परत उघडतं.

सिनेमात कधी न दिसणारी गोष्ट म्हणजे जादा वजनाचा बझर. आमच्याकडं सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. ६३० किलोची लिफ्ट म्हणजे माणशी ७५ च्या हिशेबानं आठ जण. त्यावर गेलं की कूं कूं सुरू, दार मिटत नाही, लिफ्ट हलत नाही. 'बिघडली' म्हणून फोन येतो, मी धावत जातो, तर लिफ्ट ठणठणीत आणि आत नऊ जण, नऊच्या नऊ छताकडं बघताहेत.

बिनपाण्याची_तोफ

दोरखंड, तुम्ही इतकी वर्षं गप्प कसे राहिलात?

गुंडी

मी आजपासून लिफ्टमध्ये शिरताना छताकडं बघणार. झडप आहे का ते.

नागमोडी

सगळे प्रतिसाद वाचले. एक साधी गोष्ट कुणी बोललं नाही. ती त्या लिफ्टमध्ये एकटी शिरलीच का? मागावर माणूस आहे हे तिला सकाळपासून माहीत आहे ना? मी हेर नाही, साधी नोकरी करते, तरी रात्री उशीर झाला आणि लिफ्टशी एकटाच अनोळखी माणूस उभा असला तर मी फोन कानाला लावून "हो, हो, आलेच" करत बाजूला होते. फोनवर कुणीही नसतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मला वाटतं बहुतेक बायकांना हे येतं. तुमची प्रशिक्षित नायिका हे विसरली तिथंच माझा विश्वास उडाला, लाथेपर्यंत पोचलेच नाही.

ज्युदोवाली

+१००. आमचे सर म्हणायचे, सगळ्यात चांगला बचाव म्हणजे तिथं नसणं. मी सात वर्षांत हे वाक्य शंभरदा ऐकलं आणि वरच्या माझ्या लांबलचक प्रतिसादात नेमकं तेच विसरले.

फाटका_पतंग

नागमोडी, हा या धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. डाग, कुठं आहेस? धागा काढून गायब?

कोपऱ्यातला_कंदील

बहुतेक लिफ्टमध्ये अडकलीय.

शाईचा_डाग

अडकले नव्हते, लिहीत होते. तीन दिवस.

नागमोडी, तुझा प्रतिसाद वाचून आधी राग आला, कारण सहा प्रकरणं तिच्या हुशारीची वर्णनं करून सातव्यात मीच तिला बावळट केलं होतं. मग दोरखंडदादांचा बझर रात्री दोन वाजता डोक्यात वाजला. मागावरचा माणूस लिफ्टमध्ये नेहमी शेवटी शिरतो. शिरणारच, मागावर आहे! आणि बझर वाजला की बाहेर कोण पडतं? शेवटी शिरलेला. त्यातून हा ९५ किलोचा. जे वजन मारामारीत त्याच्या बाजूनं होतं ते इथं उलटतं.

म्हणून आता ती दोन रिकाम्या लिफ्ट फोनवर बोलत बोलत जाऊ देते. फोनवर कुणी नसतं. (धन्स, नागमोडी.) तिसरी भरत येते. हा कच्चा तुकडा:

"आत सात जण होते, त्यातले दोघं एक प्रिंटरचं खोकं धरून. 'जरा सरकता का,' म्हणत ती पार मागच्या आरशापर्यंत गेली. दार मिटत आलं. बूट आडवा आला. दार उघडलं, तो आत शिरला, आणि लिफ्ट कूं कूं करायला लागली.

कुणी काही बोललं नाही. खोकंवाल्यानं खोकं पोटाशी आवळलं, जणू त्यानं ते हलकं होणार होतं. एका गृहस्थांनी श्वास आत ओढून धरला. मग एकेक करून सगळे डोळे दाराकडं वळले. तो तिच्याकडं बघत होता, आरशातून. ती मजल्यांच्या आकड्यांकडं बघत होती.

'भाऊ, दुसरी येईलच,' कुणीतरी म्हणालं.

त्यानं एक पाय बाहेर ठेवला. कूं कूं थांबलं. त्यानं तो पाय परत आत घेतला. कूं कूं. आता कुणीतरी हसलं."

दार मिटतं, तो जिन्याकडं धावतो. तिला चौदाव्यावर जायचंय हे त्याला ठाऊक आहे. लिफ्ट भरलेली, त्यामुळे तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, नवव्या, सगळीकडं थांबतेय, म्हणजे शर्यत अगदीच एकतर्फी नाही. ती बाराव्याला उतरते आणि जिन्यात येते. तो अकरा मजले धावत चढून आलाय. ती दोन पायऱ्या वर उभी आहे, तो खाली, कठड्याला धरून. इथून पुढं मारामारी आहेच. ज्युदोवाली, आता सांग.

ज्युदोवाली

आता मानलं. अकरा मजले चढून आल्यावर पायात काही उरत नाही, ९५ किलो तर स्वतःचेच ओझं होतात. वर उभी असलेली ५२ किलोची बाई त्याला त्याच्याच तोलावर खाली पाठवू शकते. त्याचा कठडा धरलेला हात सोडवणं हेच खरं काम. पण तो पडताना तिच्या घोट्याला धरणार हे लक्षात ठेव, आणि तिलाही काहीतरी लागू दे. घोटा मुरगळू दे. फासळ्या माफ केल्या.

धडाधड

मारामारी आहे? जिन्यात? मग माझी काही तक्रार नाही. गाडी?

शाईचा_डाग

नवव्या प्रकरणात.

जुनी_वही

सुरेख जमलंय. तो पाय आत-बाहेर करतो ते विशेष. एक करून बघ, त्या सात जणांत एखादी वयस्कर बाई ठेव. चौदाव्या मजल्यावर कार्ड घेणारी व्यक्ती तीच असू दे. लिफ्टमध्येच हस्तांतर झालं, आणि तो ज्या पर्समागे अकरा मजले धावला ती रिकामी.

शाईचा_डाग

वही, थांब. थांब. प्रकरण परत लिहावं लागणार.

मोगरीचा_घाव

मग ती जिन्यात उतरलीच कशाला? कार्ड दिलं, तर सरळ निघून जायचं ना.

जुनी_वही

कारण ती म्हातारी अजून लिफ्टमध्येच आहे आणि तिला चौदाव्यावर पोचायला वेळ हवाय. त्याला कुणीतरी बाराव्यावर अडकवून ठेवायला हवं.

मोगरीचा_घाव

बसले. दंडवत.

फाटका_पतंग

सगळं झकास, पण एक खुसपट काढतोच. वजनावरून लोक हसले, म्हणजे शेवटी जाड्या माणसावरचा विनोद झाला की नाही?

शाईचा_डाग

तो जाडा नाही रे, पैलवान आहे. चौथ्या प्रकरणात लिहिलंय. पण हसणारं माणूस काढून टाकते, पायाचं आत-बाहेर तेवढं पुरेसं आहे.

दोरखंड

ताई, गोष्टीत माझा बझर आला, घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. एक दुरुस्ती सुचवू का? प्रिंटरचं खोकं माणसांच्या लिफ्टमधून नेता येत नाही, मालवाहू लिफ्टनं न्यायचं असतं. तशी पाटी असते.

शाईचा_डाग

दादा, ती पाटी वाचतं कोण?

दोरखंड

कुणीच नाही. मीच लावतो आणि मीच वाचतो.